तिसऱ्या डोळ्याची हार्ड डिस्क

घरफोडीच्या बातमीचं शेवटचं वाक्य हल्ली आधीच छापून ठेवलेलं असतं. कपाट फोडलं, दागिने गेले, रोकड गेली, आणि ‘जाताना चोरट्यांनी सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला’. गाव बदलतं, तोळे बदलतात, हे वाक्य बदलत नाही. घरमालकाने कॅमेऱ्यांवर चांगले तीस-चाळीस हजार घातलेले असतात. चोराने फक्त वायर कुठे जाते तेवढं पाहिलेलं असतं. ती टीव्हीखालच्या कप्प्यात जाते. नेहमीच.

वर्तमानपत्रांनी या कॅमेऱ्याला ‘तिसरा डोळा’ असं नाव देऊन टाकलं आहे. शंकराने तिसरा डोळा उघडला तेव्हा मदन जळून खाक झाला. आपला उघडला की हार्ड डिस्क भरते. शिवाय शंकराकडे दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन कोणी आलं नव्हतं.

तर या डीव्हीआर-चोरीवर आता घरोघरी एक नवा पंथ निघाला आहे. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला आणि मुलगा नोकरीला लागल्यापासून टॉवेल पांघरून बसलेला कॉम्प्युटर बाहेर काढायचा, त्याच्यावर कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर चढवायचं, आणि डीव्हीआरच्या डब्याऐवजी त्याच्यात रेकॉर्डिंग करायचं. खटाटोप वाटतो तेवढा नाही. बहुतेक आयपी कॅमेरे आरटीएसपी नावाची भाषा बोलतात, ती 1998 पासून आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची आपसांत ओळख पटावी म्हणून ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तिघांनी 2008 मध्ये ‘ऑनव्हिफ’ नावाचा मेळ घालून दिला. म्हणजे कॅमेरा एका कंपनीचा, कॉम्प्युटर दुसऱ्याचा, सॉफ्टवेअर तिसऱ्याचं, तरी संसार चालतो. विंडोजवर पैसे मोजून ‘ब्लू आयरिस’ घ्या, लिनक्सवर फुकटात ‘झोनमाइंडर’ किंवा ‘फ्रिगेट’ घ्या. कॉम्प्युटर माळ्यावर ठेवा, आतल्या खोलीत ठेवा, महत्त्वाच्या क्लिपांची एक प्रत रात्रीतून भावाच्या घरी पाठवा. चोराला वायरीमागे धावू दे.

मी या पंथाच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. डीव्हीआरच्या डब्यात काय चाललं आहे हे फक्त कॅमेरेवाल्याला माहीत असतं, आणि बिल चुकतं झाल्यावर कॅमेरेवाला फोन उचलत नाही. कॉम्प्युटर आपला असतो. त्यातली फाइल आपली, पासवर्ड आपला, बिघाडही आपला. अडचण एकच : मग वॉचमनसुद्धा आपणच होतो. आणि आपल्याला वॉचमनचा रुबाब हवा असतो, रात्रपाळी नको असते.

घरासाठी कॅमेऱ्याची यंत्रणा बांधण्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सला आणि तिच्या नवऱ्याला 1969 मध्ये मिळालं. वस्तीत गुन्हे फार, नोकरीच्या वेळा आडनिड्या, बोलावल्यावर पोलीस यायला उशीर. तिने दाराला चार वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडली, त्यांच्यासमोर वरखाली सरकणारा कॅमेरा बसवला आणि चित्र आतल्या टीव्हीवर आणलं. बाहेर कोण आहे ते आतून बघायचं आणि मग दार उघडायचं की मदतीचं बटण दाबायचं ते ठरवायचं. तिचा कॅमेरा दार उघडण्याआधी बघण्यासाठी होता. आपला चोरी झाल्यावर बघण्यासाठी आहे. मधल्या पन्नासेक वर्षांत कॅमेरा सुधारला.

कॉम्प्युटरला कॅमेरा जोडून पाळत ठेवायचा प्रसिद्ध आद्य प्रकार तर चोरासाठी नव्हताच. 1991 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत संशोधकांनी तो कॉफीच्या भांड्यावर रोखला होता. उठून जावं आणि भांडं रिकामं असावं, हा छळ थांबवण्यासाठी. तो कॅमेरा 2001 पर्यंत चालला. कारण उघड आहे, तिथे प्रत्येकाला खरोखर बघायचं होतं.

आता हिशेब. कॅमेरेवाला ‘एक टीबी टाकलीय साहेब, महिनाभर बघायला नको’ म्हणतो, त्यातला ‘बघायला नको’ हा भाग खरा असतो. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट पाठवतो असं धरा. दिवसाला झाले 43 जीबी. असे चार कॅमेरे म्हणजे रोजचे 173. एक टीबी सहाव्या दिवशी खलास. त्यानंतर नवं चित्रण जुन्यावर चढत जातं, गुपचूप. गावाहून दहा दिवसांनी परतलेल्या माणसाला कुलूप तुटलेलं दिसतं, आणि चित्रणात दिसतो तो गेल्या आठवड्यातला दूधवाला. 2013 मध्ये आलेली एच.265 ही पद्धत वापरली तर हीच भरताड साधारण निम्म्यावर येते. पण सेटिंगचं ते पान उघडणार कोण? कॅमेरेवाला फोन उचलत नाही, हे वर आलंच.

डिस्कचंही तसंच. कॉम्प्युटरातली साधी डिस्क दिवसातून काही तास काम आणि बाकी आराम या बोलीवर आलेली असते. तिला चोवीस तास लिहायला बसवलं की ती काही महिन्यांनी कुरकुरते, आणि एके दिवशी बोलायचीच बंद होते. पाळतीच्या कामासाठी वेगळ्या डिस्क मिळतात, वेस्टर्न डिजिटलची ‘पर्पल’, सीगेटची ‘स्कायहॉक’. थोड्या महाग. आपण कॅमेरा आठ मेगापिक्सेलचा घेतो आणि डिस्क मुलाच्या जुन्या लॅपटॉपमधली काढतो.

आणि ‘कॉम्प्युटर तर घरात पडूनच आहे, फुकट काम होतंय’ हा या पंथाचा मूलमंत्र. जुना डेस्कटॉप ऐंशी वॉट खातो असं धरलं, तर महिन्याला 58 युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरा, 580 रुपये. आधीच शंभर युनिटांच्या काठावर असलेलं वीजबिल यामुळे वरच्या पायरीवर चढलं तर आणखी. तेच काम दहा-बारा वॉटचा हाताएवढा मिनी पीसी करतो. वर्षाचं गणित मांडलं की फुकटचा कॉम्प्युटर बराच महाग पडतो. हे गणित न मांडणारे गृहस्थ मात्र घरात कोणी बाथरूमचा दिवा चालू ठेवला की हाक मारतात.

लाइट गेली की काय, हा प्रश्न महाराष्ट्रात विचारायची गरज नाही. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, राउटर नसतो. किंवा राउटर असतो, कॅमेऱ्यांना वीज देणारा स्विच नसतो. लाइट परत आल्यावर कॉम्प्युटर आपणहून सुरू व्हावा अशी सोय बायोसमध्ये असते. ती चालू केलेली नसते. मग यंत्र बंद, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये शेवटचं गोठलेलं चित्र. पार्किंग शांत, गाड्या जागेवर. इतकं शांत पार्किंग प्रत्यक्षात कधीच नसतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

विंडोजचीही एक गंमत. चोर आणि विंडोज अपडेट या दोघांची वेळ एकच, रात्री दोन ते चार. मशीन अपडेट घेऊन पुन्हा सुरू होतं, पासवर्डाच्या पडद्यावर येऊन थांबतं, आणि सॉफ्टवेअर सेवेसारखं मागे चालेल असं लावलेलं नसेल तर मालक लॉगिन करेपर्यंत रेकॉर्डिंग बंद. मालक दिवाळीला लॉगिन करतात. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज 11 जुन्या यंत्रांवर चढत नाही. म्हणून ज्या कॉम्प्युटरवर आता बँकेचं काम करायची भीती वाटते, त्याच्याच हातात आपण घराची राखण देतो.

घड्याळ तर विचारूच नका. जुन्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो. लाइट गेली, इंटरनेटही गेलं, की घड्याळ मागे कुठेतरी जाऊन बसतं. चोरी परवाच्या रात्रीची आणि चित्रणावर तारीख मुलगा बालवाडीत असतानाची. बिचारा हवालदार पंचनाम्यात ‘यंत्रातील वेळ व प्रत्यक्ष वेळ यांत इतका फरक’ असं लिहीत बसतो. तीस-चाळीस रुपयांचा सेल असतो तो.

इतकं सगळं जुळून आलंच, तर सूचना सुरू होतात. हालचाल दिसली की मोबाइल वाजतो. पहिल्या रात्री सगळं घर उठतं. कोळी असतो. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, कोळ्यासाठी पाल येते, आणि भिंगावर सगळं अरण्य नांदतं. पावसाळ्यात प्रत्येक सर ही घुसखोरी. वाळत घातलेली साडी वाऱ्याने हलली की ‘संशयास्पद हालचाल’. चौथ्या दिवशी सूचना बंद केल्या जातात, आणि पाचव्या दिवसापासून चोराला मोकळीक.

यावर उपाय म्हणून कृत्रिम बुद्धी आली आहे. घरच्या कॉम्प्युटरवरच चालते, चित्रण बाहेर कुठे पाठवत नाही, आणि माणूस, कुत्रा, गाडी असं वेगळं ओळखते. चांगली गोष्ट आहे, मला मनापासून आवडते. फक्त तिची शाळा जरा वेगळी. अशा बऱ्याच मोफत मॉडेलांचं शिक्षण ‘कोको’ नावाच्या चित्रसंग्रहावर झालं आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आणि इतरांनी 2014 मध्ये तो मांडला, त्यात 80 प्रकारच्या गोष्टी आहेत. जिराफ आहे, झेब्रा आहे, अस्वल आहे, बर्फावर घसरायची फळी आहे, हॉट डॉग आहे, बेसबॉलची बॅट आहे. रिक्षा नाही. क्रिकेटची बॅट नाही. शेळी नाही, माकडही नाही. म्हणजे डोंबिवलीच्या पार्किंगमध्ये उद्या जिराफ शिरला तर आपल्याला तत्काळ कळेल. रिक्षाला मात्र ते यंत्र जे जवळचं वाटेल ते नाव देणार. माथेरानच्या बंगल्यात माकडाने किचन साफ केलं, तर संशयित म्हणून कोण नोंदलं जाईल याची मला फार उत्सुकता आहे.

आता थट्टा जरा बाजूला. पासवर्ड.

कॅमेऱ्याच्या डब्यातून निघालेला ‘ॲडमिन’ हा शब्द आपण गृहप्रवेशाच्या नारळासारखा जपून ठेवतो. 2016 मध्ये ‘मिराय’ नावाच्या एका किडीने याच सवयीवर जग हलवलं. तिच्याजवळ कंपन्यांनी घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, बाकी फारशी अक्कल नव्हती. त्या जोरावर तिने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबर 2016 ला अशाच वेठबिगारांच्या फौजेने इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर इतका मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. कीड लिहिणारी पोरं विशी-एकविशीतली होती, मूळ भांडण माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातलं. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. त्यांच्या पार्किंगमध्ये शांतता होती.

आणि फेब्रुवारी 2025 मधलं राजकोट. एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं चित्रण बाहेर काढून टेलिग्रामवर विकलं गेलं. पकडलेल्यांत लातूरचा आणि सांगलीचा तरुण होता. त्या खोलीत कॅमेरा कशाला हवा होता, हा पहिला प्रश्न. तो इंटरनेटला उघडा कशाला हवा होता, हा दुसरा. ‘मोबाइलवरून कुठूनही बघता येतं साहेब’ या वाक्याला आपण भुलतो तेव्हा ‘कोणालाही’ हा शब्द त्यात न उच्चारता बसलेला असतो. घरच्या कॉम्प्युटरवाल्यांनी इथे छाती फुगवू नये. राउटरमध्ये दार उघडं टाकणारे त्यांच्यातही पुष्कळ. वायरगार्डसारखं व्हीपीएन लावून त्याच्यामधूनच आत शिरायचं, हे काम एका दुपारचं आहे. ती दुपार कोणाला सापडत नाही.

सरकारी पातळीवर काय? मार्च 2021 मध्ये तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्री, आपले अकोल्याचे संजय धोत्रे, यांनी लोकसभेत सांगितलं होतं की सरकारी संस्थांत चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे आहेत, आणि कॅमेऱ्यातला मजकूर परदेशी सर्व्हरवर जाण्याबाबत शंका आहेत. त्यानंतर सुरक्षेची चाचणी पार केल्याशिवाय कॅमेरा विकता येणार नाही, हा नियम लागू झाला 9 एप्रिल 2025 पासून. चार वर्षं. तोवर कोण काय बघत होतं ते बघायला कॅमेरा नव्हता.

समजा, सगळं सुरळीत आहे. डिस्क चालू, घड्याळ बरोबर, चोराचा चेहरा स्वच्छ. आता कोर्ट.

इथे जालन्याकडे जावं लागतं. 2014 च्या विधानसभेत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा 296 मतांनी पुढे राहिले. वाद असा की खोतकरांचे अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले. पुरावा कोणता? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. चित्रणाच्या सीडी होत्या, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कलम 65-ब खाली लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली, प्रकरण दिल्लीला गेलं, आणि 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम पक्का केला : प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. मात्र मालक मूळ लॅपटॉप किंवा कॉम्प्युटरच घेऊन साक्षीला उभा राहिला आणि तो आपलाच असल्याचं त्याने सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. घरच्या कॉम्प्युटरचा याहून मोठा गौरव झालेला नाही. मॉनिटर, कॅबिनेट, यूपीएस मांडीवर घेऊन एसटीने जिल्हा न्यायालयात निघालेले काका माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात. अर्ध्या तिकिटात.

नव्या साक्ष कायद्यात, 1 जुलै 2024 पासून, हे प्रमाणपत्र कलम 63 खाली द्यायचं आणि दोन भागांत. एक ज्याच्याकडून पुरावा येतो त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचा हॅश नोंदवायचा, म्हणजे फाइलमध्ये काडीचाही फेरफार झाला तर बदलणारा आकडा. हे ऐकल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ‘व्हॉट्सॲपवर टाकली ना क्लिप, ग्रुपवर आहे.’ ग्रुपवर गेलेली क्लिप म्हणजे आधीच दाबून, चेपून बारीक केलेली प्रत. चोराचा चेहरा त्यात पुरणपोळीसारखा दिसतो. पण अंगठे, हात जोडलेले आणि रागाने लाल झालेले चेहरे मिळून प्रतिसाद भरघोस.

आणि ज्यांच्याकडे ही तक्रार घेऊन जायचं त्यांचं? 2 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, लॉकअपपासून आवारापर्यंत, आवाजासकट, आणि चित्रण 18 महिने जपायचं. तशी यंत्रं बाजारात नसतील तर निदान वर्षभर. वीज नसेल तिथे सौर किंवा पवन ऊर्जेवर चालवा, इतक्या बारकाईने सांगितलं. आपल्या मघाच्या हिशेबाने एका कॅमेऱ्याला 18 महिन्यांसाठी तेवीस टीबीच्या वर जागा लागते. सप्टेंबर 2025 मध्ये राजस्थानात काही महिन्यांत पोलीस कोठडीत अकरा मृत्यू झाल्याची बातमी वाचून न्यायालयाला स्वतःहून पुन्हा याच विषयावर यावं लागलं. त्या बातमीतला प्रश्न कॅमेरे न चालण्याचाच होता. ठाण्यातून डीव्हीआर चोरायला बाहेरचा माणूस येत नाही.

मग हे सगळं बघतं कोण?

घरचे बघतात. न्यू जर्सीतला मुलगा ऑफिसात बसून सांगलीच्या हॉलमध्ये बघतो आणि आईला फोन करतो, ‘पंखा का चालू आहे?’ सासूबाई दाराच्या कॅमेऱ्यात सूनबाई किती वाजता आली ते बघतात. सूनबाई सासूबाईंकडे कोण येऊन गेलं ते बघते. समोरचे काका आपला कॅमेरा ‘चुकून’ शेजाऱ्याच्या दारावर रोखतात आणि त्यांच्याकडे पार्सल किती येतात याचा हिशेब ठेवतात. घरात एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय आत कॅमेरे चालवणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये दोन भावांच्या वादात म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. हा निकाल आपल्याकडच्या किती एकत्र कुटुंबांत वाचून दाखवता येईल, हा वेगळाच प्रश्न. चोर या चित्रणात क्वचित सापडतो. माणसं रोज सापडतात.

सर्वांत जास्त सापडतात त्या कामाच्या मावशी. कॅमेरा घ्यायचं ठरलं ते मुळात त्यांच्यासाठी, हे घरात सगळ्यांना माहीत असतं आणि त्यांनाही. डिस्क भरली आहे का ते मालक बघत नाहीत, घड्याळ मुलगा बघत नाही, पासवर्ड कोणीच बदलत नाही. स्टुलावर चढून भिंगावरची जळमटं काढून काच पुसणारी घरात एकच व्यक्ती असते. मावशी. तेवढ्यात कॅबिनेटवरही फडकं मारतात, आणि आत डिस्कचा खरखर आवाज वाढलाय हे त्याच सांगतात. त्यांना सांगितलं जातं, ‘तिकडे हात लावू नका, कॅमेऱ्याचं आहे ते.’